एका ओळीतली आज्ञावली खरोखर वेगाने धावते का?

रत्नागिरी शहरातील फिनोलेक्स अकॅडमी, देवरुखजवळ आंबव येथील राजेंद्र माने महाविद्यालय, खेड तालुक्यात लवेल येथील घरडा इन्स्टिट्यूट ही जिल्ह्यातील अभियांत्रिकी शिक्षणाची ठळक ठिकाणे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या अशा महाविद्यालयांत ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकूनच विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या पुढे गेल्या. या भाषेबरोबर एक समजूतही वर्गावर्गातून, वसतिगृहांतून आणि तोंडी परीक्षांच्या रांगांतून पुढे सरकत राहिली. चार विधानांत लिहिलेले काम एकाच विधानात बसवले, मधल्या राशींना नावे देणे टाळले, ‘जर-नाहीतर’च्या जागी प्रश्नचिन्ह आणि विसर्गचिन्हाची आखूड रचना वापरली, की आज्ञावली वेगाने धावते, अशी ही समजूत. ती रत्नागिरीची खास नव्हे. जिथे ‘सी’ शिकवली जाते तिथे ती भेटते. परंतु इथला विद्यार्थी पुढे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जातो, त्याने लिहिलेले दुसऱ्याला वाचावे लागते आणि दुसऱ्याने लिहिलेले त्याला दुरुस्त करावे लागते. त्यामुळे ही समजूत खरी की खोटी, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

थोडक्यात उत्तर असे की, ज्या भाषांचे कंपायलरकडून यंत्रभाषेत रूपांतर होते, त्या भाषांत विधाने एकत्र केल्याने वेग सहसा वाढत नाही. विधान हे माणसाच्या वाचनाचे एकक आहे. यंत्राच्या कामाचे एकक वेगळे असते आणि एकातून दुसऱ्यात जाताना मूळ ओळींच्या सीमा जवळजवळ पुसल्या जातात. ‘सहसा’ आणि ‘जवळजवळ’ हे शब्द इथे मुद्दाम वापरले आहेत. अपवाद आहेत आणि ते रंजक आहेत.

समासाचा विग्रह

आंब्याच्या व्यापाऱ्याचे बिल करणारी एक छोटी आज्ञावली घेऊ. पेट्यांची संख्या, पेटीचा भाव आणि शेकडा सवलत या तीन पूर्णांक राशी दिलेल्या आहेत. सरळ पद्धतीने लिहिणारा तीन विधाने लिहील: एकूण = पेट्या × भाव; सूट = एकूण × दर ÷ १००; देय = एकूण − सूट. आटोपशीरपणाचा भोक्ता एकच विधान लिहील: देय = पेट्या × भाव − पेट्या × भाव × दर ÷ १००. दुसऱ्या लेखनात ओळी दोनने घटल्या, मधली दोन नावे गेली; मात्र पेट्या आणि भाव यांचा गुणाकार आता दोनदा लिहिला गेला. म्हणजे शब्दशः पाहिले तर आखूड लेखनाने संगणकाला जास्त काम सांगितले आहे.

प्रत्यक्षात कंपायलर दोन्ही लेखने एकाच ठिकाणी आणून सोडतो. शाळेत सामासिक शब्दाचा विग्रह करतात, तसा तो प्रथम प्रत्येक विधानाचा विग्रह करतो. मोकळ्या जागा, टिपणे, नावांची लांबी हे सारे पहिल्याच टप्प्यावर गळून पडते. मग पदावलीचे झाड तयार होते आणि त्या झाडाचे तुकडे पाडून एकेका क्रियेची यादी बनते: पेट्या आणि भाव यांचा गुणाकार करून तो पहिल्या तात्पुरत्या राशीत ठेवा, तिला दराने गुणून दुसरीत ठेवा, तिला शंभराने भागून तिसरीत ठेवा, पहिलीतून तिसरी वजा करा. प्रत्येक पायरीत एकच क्रिया, दोन घटक आणि एक उत्तर. लेखकाने ज्या मधल्या राशी ‘वाचवल्या’, त्या कंपायलर स्वतःच्या नावांनी पुन्हा निर्माण करतो. लेखकाने त्या दिल्या असतील, तर तेवढी नावे बदलून तो पुढे जातो.

त्यानंतर सुधारणेचा टप्पा येतो. आखूड लेखनातील दुसरा गुणाकार पहिल्यासारखाच आहे आणि मध्ये पेट्या किंवा भाव बदललेले नाहीत, हे ओळखून तो काढून टाकला जातो. शंभराने भागण्याची क्रिया प्रोसेसरला महाग पडते. म्हणून तिच्या जागी एका ठरावीक संख्येने गुणणे आणि अंक सरकवणे अशी स्वस्त जोडी बसवली जाते. टॉर्बियोर्न ग्रानलुंड आणि पीटर माँटगोमेरी यांनी ही युक्ती १९९४ साली मांडली आणि आज ती कंपायलरांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे. मूळ आज्ञावली एका ओळीत होती की तीन, याने तिथे काहीच फरक पडत नाही. सुधारणेचा टप्पा चालू असेल, तर दोन्ही लेखनांतून एकच यंत्रसंकेत बाहेर पडण्याची अपेक्षा करावी.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरच्या २००५ मधील चौथ्या आवृत्तीपासून या मधल्या रूपाला ‘गिंपल’ असे नाव आहे. त्यात कोणतीही मोठी पदावली मुळात राहूच शकत नाही. ती फोडावीच लागते. शिवाय प्रत्येक राशीला एकदाच किंमत दिली जाईल अशा रीतीने नावे पाडली जातात, जेणेकरून कोणती किंमत कुठून आली हे कंपायलरला एका दृष्टिक्षेपात कळावे. ‘एसएसए’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आयबीएमच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात घडवली. इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे यांनी २००० साली सुरू केलेला ‘एलएलव्हीएम’ प्रकल्पही याच पायावर उभा आहे. गंमत अशी की, मधल्या राशींना कंजूषपणे नावे देणाऱ्या प्रोग्रॅमरच्या लेखनाला हे कंपायलर उलट अधिकाधिक नावे देत सुटतात आणि त्यातूनच वेग मिळवतात.

पवईतले काम

विधानांच्या सीमा ओलांडून पाहण्याच्या या विद्येत महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांनी कंपायलर या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा एक आवडता प्रश्न असा होता: एखादे गणित आज्ञावलीच्या एका वाटेने आधीच झालेले असते, दुसऱ्या वाटेने झालेले नसते आणि दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे ते पुन्हा केले जाते. अशा अर्धवट पुनरुक्तीचे काय करायचे? सरसकट काढून टाकावे, तर दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला उत्तर मिळणार नाही. ठेवावे, तर पहिल्या वाटेने येणाऱ्याचे श्रम वाया जातात. ते गणित दुसऱ्या वाटेवर नेमक्या जागी घालावे आणि संगमावरचे काढून टाकावे, हा त्यावरचा उपाय. फ्रान्समधील मोरेल आणि रेनव्हॉइज यांनी १९७९ साली त्याची पहिली सर्वसाधारण पद्धत मांडली. ढमढेरे यांनी १९९१ साली तिचे व्यवहारात उतरवण्याजोगे रूप प्रसिद्ध केले आणि २००२ मध्ये तीच गोष्ट अधिक सोप्या रीतीने पुन्हा मांडून दाखवली. पुनरावृत्तीच्या चक्रात दर फेरीला होणारे तेच ते गणित चक्राबाहेर काढणे हा याच उपायाचा एक विशेष प्रकार आहे.

ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, आज्ञावलीत माहिती पुढे आणि मागे अशी दोन्ही दिशांनी कशी वाहते, याचे सर्वसाधारण शास्त्र सांगितले. पुढे खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह याच विषयावर लिहिलेला ग्रंथ २००९ मध्ये बाहेर आला. जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे केंद्र आयआयटीत उभे राहिले आणि तिथून अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळाही झाल्या. एवढे सगळे डोके ज्या कामावर खर्ची पडले आहे, ते काम ओळी जोडून हाताने करता येईल असे मानणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

समजूत आली कुठून?

मात्र ही समजूत निराधार जन्मलेली नाही. एके काळी ती खरी होती.

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प हाती घेतला, तेव्हा निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक आले. त्यांवर ‘बेसिक’ ही भाषा चाले. इथे कंपायलर नव्हता, इंटरप्रिटर होता. तो आज्ञावली चालू असतानाच एकेक ओळ वाचून तिचा अर्थ लावत असे. अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा, असे सांगितले की तो सुरुवातीपासून ओळी मोजत ती शोधून काढी. साहजिकच ओळी जितक्या कमी, तितका शोध लवकर संपे. विसर्गचिन्ह घालून एका ओळीत चार आज्ञा भरल्या, तर वेळ वाचे आणि मोजक्या किलोबाइटची स्मृतीही वाचे. त्या यंत्रांवर शिकलेल्या पिढीने हा अनुभव पुढे ‘सी’ शिकवताना सोबत आणला असेल, तर त्यात नवल नाही.

‘सी’चा स्वतःचा इतिहासही या समजुतीला पोषक आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत ही भाषा प्रामुख्याने १९७२च्या सुमारास घडवली, ती ‘पीडीपी-११’ या यंत्रासाठी. त्या यंत्रात स्मृतीतील घटक वाचून त्याच दमात पत्ता एकाने पुढे सरकवण्याची सोय एकाच यंत्र-आज्ञेत होती. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ मधील सुप्रसिद्ध पुस्तकात अक्षरमाला एका जागेवरून दुसऱ्या जागी नकलण्याचे काम शेवटी एकाच छोट्या विधानात येऊन थांबते. पीडीपी-११वर त्या विधानाचे गाभ्यातले काम अक्षरशः दोन यंत्र-आज्ञांत मावू शकत असे. तेव्हाच्या छोट्या कंपायलरला फारशी दूरदृष्टी नव्हती. लेखकाने जसे लिहिले, तसेच तो उतरवी. अशा वेळी आखूड लिहिणे म्हणजे कंपायलरला योग्य यंत्र-आज्ञा सुचवणे होते. आज त्याच कामासाठी भाषेच्या ग्रंथालयात असलेले तयार फलन एका वेळी सोळा किंवा बत्तीस अक्षरे उचलते आणि त्या सुंदर एकोळी विधानाला सहज मागे टाकते.

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत ‘टर्बो सी’ने दीर्घकाळ ठाण मांडले. बोरलँड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेले हे साधन डॉसच्या १६ बिटी जगातले. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांवर ते थेट चालेनासे झाले, तेव्हा डॉसचे सोंग आणणारा वेगळा प्रोग्रॅम वापरून ते चालवले गेले; पण सुटले नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ने ही भाषा घरोघर नेली, त्या काळात बहुतेकांच्या पडद्यावर हीच निळी चौकट असे. अशा जुन्या साधनावर घेतलेला अनुभव नव्या यंत्रावर जशाच्या तसा लागू होत नाही, एवढे भान तेवढे निसटले.

आजही एका परिस्थितीत फरक दिसू शकतो. जीसीसीला सुधारणेचा स्तर सांगितला नाही, तर तो ‘शून्य’ धरतो. दोष शोधताना प्रत्येक राशी हाती लागावी म्हणून या स्तरावर नाव दिलेली प्रत्येक किंमत स्मृतीत लिहिली जाते आणि पुन्हा वाचली जाते. आंब्याच्या उदाहरणात तीन विधानांच्या लेखनाला ही ये-जा पडेल. एका विधानाच्या लेखनाला ती वाचेल, पण दुसरा गुणाकार करावा लागेल. म्हणजे इथेही कोण जिंकेल ते ओळींच्या संख्येवरून सांगता येत नाही. आणि वेगाची खरोखर चिंता असलेल्याने स्तर शून्यवर ठेवून ओळी जोडत बसण्यापेक्षा स्तर दोन मागावा. त्यासाठी आज्ञावलीतील एक अक्षरही बदलावे लागत नाही.

आखूडपणाची किंमत

तोंडी परीक्षेतला एक प्रश्न सर्वपरिचित आहे. एका राशीची किंमत ५ आहे. तिची पूर्ववृद्धी, म्हणजे आधी एकाने वाढवून मग किंमत घेणे, एकाच पदावलीत तीनदा लिहून त्या तिघांची बेरीज केली, उत्तर काय? टर्बो सी २४ सांगे. जीसीसी सहसा २२ सांगतो. एलएलव्हीएमवर आधारलेला ‘क्लँग’ २१ सांगतो. या तिघांपैकी चूक कोणाचीच नाही. एकाच पदावलीत एकच राशी अनेकदा बदलली, तर काय व्हावे, हे ‘सी’च्या प्रमाणग्रंथाने ठरवलेलेच नाही, असे लेखन त्याच्या लेखी अर्थहीन आहे आणि कंपायलर त्याचे काहीही करू शकतो. तीच तीन वाढी तीन वेगळ्या विधानांत लिहिल्या असत्या, तर सगळ्यांचे उत्तर एकच आले असते. विधानाचा शेवट दाखवणारा अर्धविराम निव्वळ सजावटीचा नाही. आधीचे सर्व परिणाम इथे पूर्ण झाले, अशी ती खूण आहे. ओळी जोडणारा ही खूणच काढून टाकतो. या प्रश्नाचे ‘बरोबर’ उत्तर पाठ करून किती विद्यार्थी परीक्षा देत आले असतील, देव जाणे.

नोव्हेंबर २००३ मधला प्रसंग अधिक गंभीर आहे. लिनक्सच्या गाभ्याची मूळ संहिता एका ठिकाणी ठेवलेली होती आणि तिची एक प्रत दुसऱ्या पद्धतीच्या साठ्यात उपलब्ध होती. या प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ती साधी तपासणी होती: अमुक दोन पर्याय एकत्र मागितले असतील आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक झाल्याचे कळवा. परंतु तुलनेसाठी लागणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी तिथे एकच चिन्ह होते. त्यामुळे क्रमांक शून्य आहे का, हे तपासले जात नव्हते; तो शून्य केला जात होता. लिनक्समध्ये क्रमांक शून्य म्हणजे सर्वाधिकारी. ते दोन पर्याय एकत्र मागणाऱ्या कोणालाही संगणकाच्या सगळ्या किल्ल्या मिळाल्या असत्या. अटीच्या आत किंमत भरण्याची मुभा ‘सी’त आहे आणि आटोपशीर लेखनाची ती लाडकी सवय आहे, तिच्याच आडोशाने हा चोरदरवाजा बसवला गेला. त्या भागाभोवती जादा कंस घातलेला असल्याने कंपायलरच्या नेहमीच्या इशाऱ्यालाही हे हेतुपूर्वक केलेले लेखन वाटले असते. प्रत मूळ साठ्याशी जुळत नाही हे ध्यानात आल्यामुळे हा डाव वेळीच पकडला गेला. तो कोणी केला, हे मात्र उघड झाले नाही.

आखूड लेखनाने वेग थेट बुडाल्याचीही उदाहरणे आहेत. अक्षरमालेतील प्रत्येक अक्षरावर काम करताना ‘अक्षरे संपेपर्यंत’ ही अट अनेक जण चक्राच्या तोंडाशीच, लांबी मोजणाऱ्या फलनाला हाक मारून लिहितात. एक ओळ आणि एक राशी वाचते. पण ‘सी’मध्ये लांबी कुठे लिहून ठेवलेली नसते, ती दर वेळी पहिल्यापासून मोजावी लागते. चक्राच्या आत अक्षरे बदलत असतील, तर लांबी तीच राहील याची खात्री कंपायलरला देता येत नाही आणि तो ही हाक बाहेर काढू शकत नाही. एक लाख अक्षरांच्या मजकुरावर मग सुमारे एक हजार कोटी पावले चालावी लागतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा लोकप्रिय खेळ सुरू व्हायला काही मिनिटे लागत. २०२१ मध्ये एका त्रयस्थाने त्याची चिरफाड केली, तेव्हा सुमारे दहा मेगाबाइटची एक यादी वाचताना दर तुकड्यामागे उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी मोजली जात असल्याचे आढळले. मोजणी त्या एका छोट्या हाकेच्या पोटात दडलेली होती. ती आणि आणखी एक दोष काढल्यावर लागणारा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्ती जारी केली.

जुन्या दप्तरांशी संबंध आलेल्यांना इथे मोडी लिपी आठवेल. हात न उचलता लिहिण्याने कारकुनाचा वेळ वाचे आणि वाचणाऱ्याचा जाई. संगणकाच्या बाबतीत तर लिहिणाऱ्याचाही फारसा वाचत नाही.

वेग कुठे असतो?

डोनाल्ड नुथ यांनी १९७१ साली ‘फोरट्रॅन’मधील प्रत्यक्ष वापरातल्या आज्ञावली तपासल्या, तेव्हा चालण्याच्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ आज्ञावलीच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात जातो, असे त्यांना दिसले. उरलेल्या ९६ टक्क्यांत ओळी जोडा किंवा तोडा. घड्याळाला त्याचा पत्ता लागत नाही. त्या कळीच्या भागातही खरा फरक पडतो तो पद्धत बदलण्याने आणि स्मृतीचा वापर सुधारण्याने. संख्यांचा मोठा तक्ता ‘सी’मध्ये ओळीओळीने साठवला जातो. तो ओळींच्या क्रमाने वाचला, तर स्मृतीतून एका खेपेत आलेल्या आठ संख्या लागोपाठ उपयोगी पडतात. स्तंभांच्या क्रमाने वाचला, तर प्रत्येक संख्येसाठी नवी खेप लागू शकते. दोन चक्रांची अदलाबदल एवढाच हा बदल आहे. विधानांची संख्या तेवढीच राहते आणि वेळ मात्र अनेक पटींनी कमी-जास्त होतो. फोरट्रॅनमध्ये साठवण नेमकी उलट असते.

कोकणाला हे दूरचे वाटू नये. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार आणि बागायतदार ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, त्यामागची हवामान-प्रतिरूपे बहुतांशी फोरट्रॅनमध्येच लिहिलेली असतात. पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक देशाला अर्पण झाला; त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ४० कोटी कोटी गणिती क्रिया. २०२४ मध्ये त्याच संस्थेत ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आला. अशा यंत्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ काम कसे वाटायचे, माहिती कशी मांडायची आणि तिची वाहतूक कशी कमी करायची, यावर महिनोन्महिने घालवतात.

जिथे ओळ खरोखर मोजली जाते

आता अपवाद. सर्वांत लक्षणीय अपवाद अपूर्णांकांच्या गणितात आहे. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत गुणाकार आणि लगेच बेरीज ही जोडी एकाच क्रियेत करण्याची सोय असते. वेळ वाचतो आणि उत्तराची पूर्णांकितता दोनदा होण्याऐवजी एकदाच होते. ‘सी’चा प्रमाणग्रंथ अशी जोडणी एकाच पदावलीच्या आत करण्याची मुभा देतो. २०२२ मधील चौदाव्या आवृत्तीपासून क्लँग मूलतः हाच नियम पाळतो. अ × ब + क हे एका विधानात असेल, तर तो जोडतो. गुणाकार एका विधानात नाव देऊन ठेवला आणि बेरीज पुढच्या विधानात केली, तर जोडत नाही. जीसीसी मात्र आपल्या नेहमीच्या धोरणात विधानाची सीमा ओलांडूनही जोडतो. म्हणजे मोबाइलमधल्या ६४ बिटी ‘आर्म’ प्रोसेसरसाठी क्लँग वापरला, तर इथे एक विधान आणि दोन विधाने यांत वेगाचा फरक पडू शकतो. पण त्याबरोबर उत्तराचा शेवटचा अंकही बदलू शकतो, हे विसरून चालत नाही.

जावा भाषेत मजकुराचे तुकडे जोडताना असाच अनुभव येतो. एकाच पदावलीत पाच तुकडे जोडले, तर ते एकदम जोडण्याची व्यवस्था कंपायलर करतो. तेच पाच विधानांत एकेक करून चिकटवले, तर दर वेळी मजकुराची नवी प्रत तयार होऊ शकते. २०१७ मधील जावा ९ने जोडणीची रीत बदलली. पण चक्रात एकेक तुकडा चिकटवत जाणे आजही महागच आहे.

माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या ‘एसक्यूएल’ भाषेत तर एका विधानाचा लाभ निर्विवाद आहे. पतसंस्थेच्या दहा हजार खात्यांवर व्याज चढवायचे असेल, तर दहा हजार विधाने पाठवण्यापेक्षा सर्व खात्यांना लागू होणारे एक विधान कितीतरी लवकर काम उरकते. कारण ये-जा, तपासणी आणि नोंद यांचा खर्च दर विधानामागे असतो. पायथॉनमध्ये यादी तयार करण्याची एकोळी रचना साध्या चक्रापेक्षा थोडी वेगवान ठरते. मात्र तिथेही श्रेय ओळीला नाही, तर त्या रचनेमागच्या खास अंतर्गत आज्ञांना आहे. चार साधी विधाने अर्धविरामांनी एका ओळीत कोंबली, तर पायथॉनलाही त्याचे काही वाटत नाही.

ज्याला यावर विश्वास ठेवायचा नसेल, त्याला प्रयोगशाळेतल्या एका तासात पडताळणी करता येते. आंब्याच्या बिलाची दोन लेखने दोन वेगळ्या फलनांत लिहावीत, जीसीसीला सुधारणेचा दुसरा स्तर सांगावा आणि अंतिम आज्ञावलीऐवजी असेंब्ली भाषेतला मजकूर मागावा. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेल्या ‘कंपायलर एक्सप्लोरर’वर हेच काम ब्राउझरमध्ये होते, डावीकडे मूळ लेखन, उजवीकडे यंत्र-आज्ञा आणि शेजारच्या यादीतून कंपायलर बदलण्याची सोय. दोन्ही फलनांखालच्या ओळी सारख्याच निघाल्या, तर वेळ मोजण्याचे कारण उरत नाही. त्या वेगळ्या निघाल्या, तर त्याच चक्रात प्रत्येकी काही कोटी वेळा चालवून, अनेकदा मोजून मगच निष्कर्ष काढावा. कारण एकदाच मोजलेल्या वेळेत यंत्रावर चालू असलेल्या इतर कामांचा गोंगाट मिसळलेला असतो.